फाटक अडवून गाडी उभी आहे. आता काय करायचं?

गाडी फाटकात उभी राहिली की पहिल्या शिव्या मला बसायच्या. ड्रायव्हर पाऊण किलोमीटर पुढे, स्टेशन मास्तर त्याच्या खोलीत, दुरून गाड्या हलवणारा कंट्रोलर तर कुठल्या कुठे. समोर सापडायचा तो शेवटच्या डब्यात बावटे घेऊन बसलेला गार्ड. "ओ साहेब, काढा की गाडी!" मी काय काढणार? माझ्याकडे एक वॉकी-टॉकी, एक ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि दोन बावटे. सगळी नोकरी मालगाडीवर गेली. २०२२ मध्ये आमच्या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं, आणि हल्ली बऱ्याच मालगाड्यांच्या शेपटीला ब्रेकव्हॅनच, म्हणजे गार्डचा डबाच, नसते, एक यंत्र लटकवलेलं असतं. म्हणजे शिव्या द्यायलाही आता कुणी भेटत नाही. तेव्हा अशा वेळी काय करावं आणि काय अजिबात करू नये, ते मला आतून जेवढं कळलं तेवढं सांगतो.

फाटकाशी पोचलात आणि समोर डबे उभे दिसले, की आधी इंजिन बंद करा आणि आपल्या बाजूलाच थांबा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पाच मिनिटांत समोरून येणाऱ्यांची लेनसुद्धा अलीकडच्या वाहनांनी भरते. पलीकडेही तोच प्रकार चालू असतो. मग गाडी निघून जाते, फाटक उघडतं, आणि दोन्हीकडचे लोक रुळांवर समोरासमोर अडकून हॉर्न वाजवत बसतात. गाडीने दहा मिनिटं अडवलं असेल तर माणसं पुढची वीस मिनिटं अडवतात. त्यात ट्रॅक्टर रुळावर बंद पडला की फाटक लागत नाही, फाटक लागलं नाही की सिग्नल मिळत नाही, आणि पुढची गाडी सिग्नलला उभी. रुग्णवाहिका बहुतेक वेळा अडकते ती या दुसऱ्या कोंडीत. उजवी बाजू मोकळी असेल तर ती निदान फाटकाच्या तोंडाशी पोचते, आणि वळून दुसऱ्या रस्त्याने जायचं तर वळायला जागाही मिळते.

किती वेळ लागेल, याचा अंदाज

थांबायचं की वळून दुसऱ्या रस्त्याने जायचं, हे गाडीकडे बघून बऱ्यापैकी ठरवता येतं.

प्रवासी गाडी असेल तर ती सहसा लवकर हलते. तिला उभी ठेवलेली कुणालाच परवडत नाही. मालगाडी असेल तर आधी शेजारचा रूळ बघा. एकेरी मार्गावर ती समोरच्या गाडीची वाट बघत असते. ती गाडी गेली की पाच-दहा मिनिटांत ही सुटते. तेवढं थांबण्यात हशील आहे.

मात्र कुणी हातात बॅटरी घेऊन डब्यांच्या कडेने वाकून बघत चालत येताना दिसला, तर खुशाल आपलं वाहन वळवा. काहीतरी बिघडलंय. कोळशाच्या एका रेकला, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीला, ५८-५९ वाघिणी (मालडबे) असतात, एकेक पावणेअकरा मीटरची. म्हणजे सव्वासहाशे मीटर, तेही खडीवरून. खडीवरून एकदा भरभर चालून बघा, मग मला सांगा. जायलाच पंधरा मिनिटं लागतात, दोष सापडायला आणखी, आणि परत यायचं असतं ते वेगळंच.

चाकांजवळून हवेचा फुसफुस आवाज सतत येत असेल तर दोन वाघिणींमधला हवेचा होज पाइप निघालाय किंवा फाटलाय. मालगाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब गेला की सगळ्या वाघिणींचे ब्रेक आपोआप लागतात. योजना मुद्दामच तशी आहे, गाडी मधून तुटली तरी दोन्ही तुकडे आपले आपण थांबावेत म्हणून. पण रिकामी झालेली लांब नळी पुन्हा भरून दाब पाच किलोवर आणायला वेळ लागतो. ड्रायव्हरने कितीही मनावर घेतलं तरी हवा तिच्या गतीनेच भरते.

आणि इंजिनच तोडून नेलेलं दिसलं, किंवा ड्रायव्हर आपली पेटी घेऊन उतरून निघाला, तर तिथे उभं राहण्यात अर्थ नाही. अमेरिकेत तर कायद्याने कामाचे १२ तास भरले की ड्रायव्हरला गाडी हलवताच येत नाही. दुसरा माणूस येईपर्यंत गाडी आहे तिथे उभी, मग खाली फाटक असो की आणखी काही.

लोक विचारायचे, "फाटक सोडून थोडी मागे उभी करता येत नाही का?" पुष्कळदा येते, आणि चांगला ड्रायव्हर तसं करतोही. पण गाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतली की लूप जेवढा तेवढीच जागा. आपल्याकडे लूपची जुनी ठरलेली लांबी ६८६ मीटर. तेवढ्या जागेत एक रेक कसाबसा बसतो. आता दोन-दोन, तीन-तीन रेक जोडून चालवतात. १५ ऑगस्ट २०२२ ला 'सुपर वासुकी' नावाची साडेतीन किलोमीटर लांबीची गाडी चालवली, २९५ वाघिणींची. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये ६८२ वाघिणींची, सात किलोमीटरहून लांब गाडी धावली. एवढी गाडी थांबवायची वेळ आली की एकाच वेळी किती फाटकं अडतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

खालून जाऊ नका

उभी गाडी म्हणजे थांबलेली गाडी नव्हे. ती वाट बघत असते, आणि कुठल्या क्षणी निघेल हे तिच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला कळायला काहीही मार्ग नसतो.

दोन वाघिणींच्या कपलिंगमध्ये थोडी ढिलाई असते. जाणूनबुजून ठेवलेली, नाहीतर पाच हजार टनांचं ओझं एका दमात ओढायला लागेल. इंजिन हललं की आधी पहिली वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी. तो झटका धाड-धाड-धाड करत मागे येतो. माझ्या ब्रेकव्हॅनपर्यंत पोचेतो ड्रायव्हर काही मीटर पुढे गेलेला असायचा. तुम्ही मधे कुठेतरी असाल तर इंजिनाची शिटी ऐकू येईलच असं नाही. वारा उलटा असेल तर नाहीच. तुमच्या वाघिणीला झटका बसायच्या आधी तो आवाज जेमतेम एक-दोन सेकंद मिळतो. चढ-उतारावर तर ब्रेक सुटल्याबरोबर डबे थोडे मागेही सरकतात. 'गाडी पुढे जाणार, म्हणून मी मागच्या चाकाजवळून जातो' हा हिशेब तिथे उलटतो.

एकदा वळणावर गाडी उभी होती. सिग्नल मिळाला, मी ड्रायव्हरला 'ऑल राइट', म्हणजे निघायची खूण, दिली. वळणामुळे मला मधल्या वाघिणी दिसत होत्या, आणि त्यातल्या एकीखालून एका बाईने आधी पिशवी ढकलली, मग पोर पुढे केलं. ओरडून उपयोग नव्हता. मी व्हॉल्व्ह उघडला. हवा गेली, गाडी थांबली, पण तोवर दोन फूट सरकली होती. दोन फूट म्हणजे चाकाच्या अलीकडचं पोर चाकाखाली. ते पलीकडे पोचलं होतं म्हणून निभावलं. बाईने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. वरून मला पंचवीस मिनिटांच्या उशिराचं कारण विचारलं. मी जे घडलं ते लिहून दिलं.

हे फक्त आपल्याच लोकांचं आहे असं समजू नका. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हॅमंड गावात शाळेची मुलं उभ्या मालगाडीखालून आणि कपलिंगवरून चढून जातानाची चित्रं २०२३ मध्ये साऱ्या देशाने पाहिली. शाळेची वेळ झालेली आणि गाडी हलत नाही, एवढंच त्यांचं कारण.

कपलिंगवरून चढणं खालून जाण्याइतकंच वाईट. झटका बसला की पाय घसरतो आणि माणूस पडतो तो थेट रुळावर. वाघिणीच्या टपावर जायचा तर विचारही नको. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लावावा लागत नाही. जवळ गेलं तरी वीज उडी मारते. फोटोसाठी टाकीच्या वाघिणीवर चढलेली तरणीताठी पोरं अशीच जातात.

उरला प्रश्न वळसा घालून जाण्याचा, गाडीच्या शेपटीमागून किंवा इंजिनापुढून. यात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण हे सुरक्षित वाटतं. जिथे दोन रूळ आहेत तिथे उभी गाडी दुसऱ्या गाडीसाठी पडद्यासारखी असते. दिसत नाही, आणि इंजिनाच्या घरघरीत ऐकूही येत नाही. माणूस शेपटीमागून बाहेर येतो तो थेट दुसऱ्या रुळावर. भरलेली मालगाडी वेगात असताना ब्रेक मारल्यावर किलोमीटरभर जाऊन थांबते. ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलं म्हणजे तुम्ही वाचलात असं नाही. म्हणून गाडी गेल्यावरही फाटक बंदच राहिलं तर गेटमन झोपला असं धरू नका. दुसरी गाडी येतेय. ब्रिटनमध्ये गाडी गेल्यावरही लाल दिवे चमकत राहिले तर त्याचा अर्थ हाच असतो.

कोणाला सांगायचं, आणि कसं

गेटमन असेल तर पहिला तोच. त्याच्या खोलीत स्टेशनला थेट जोडलेला फोन असतो. त्याला शिव्या घालू नका आणि फाटक उघडायला सांगू नका. बहुतेक मोठी फाटकं सिग्नलला अशी जोडलेली असतात की फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, आणि सिग्नल दिलेला असताना कुलूप निघत नाही. त्याच्या मनात असूनही त्याला उघडता येत नाही. हिसका देऊन कुणी उघडलंच तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मोडलं तर पाच.

फोन करताना लोक सांगतात, "मोठ्या वडाजवळचं फाटक." पलीकडच्या माणसाला वड माहीत नसतो. प्रत्येक फाटकाला नंबर असतो, तो गेटच्या खोलीवर रंगवलेला दिसेल. तो नसेल तर रुळाकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा किंवा विजेच्या खांबावरचा आकडा सांगा. खांबावर वर किलोमीटर आणि खाली खांबाचा क्रमांक असतो, आणि त्यावरून जागा काही मीटरपर्यंत कळते. अमेरिकेत फाटकाजवळ निळी पाटी असते. तिच्यावर फोन नंबर आणि सहा आकडे-एक अक्षर असा फाटकाचा क्रमांक. ब्रिटनमध्ये अनेक फाटकांवर थेट सिग्नलवाल्याशी जोडलेला फोनच बसवलेला असतो. भारतात रेल्वेचा नंबर १३९ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२.

दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगू नका. रुळावर माणूस किंवा वाहन अडकलं असेल तर पहिलं वाक्य तेवढंच: "फाटक नंबर अमुक, रुळावर ट्रक अडकलाय, गाड्या थांबवा." बाकीचं नंतर. आणि गाडी उभी असल्यामुळे रुग्ण अडकला असेल तर: "फाटक नंबर अमुक, मालगाडी इतकी मिनिटं उभी, अलीकडे रुग्णवाहिका आहे, गाडी पुढे घेता येईल का किंवा तोडता येईल का?" हा 'तोडता येईल का' फार कुणी विचारत नाही. गाडी फाटकाजवळ तोडून मधे रस्ता मोकळा करता येतो. पण मागच्या तुकड्याला हँडब्रेक लावायचे, हवेचे कॉक बंद करायचे, कपलिंग सोडायचं, पुढचा भाग ओढून घ्यायचा. अर्धा तास सहज जातो, आणि परवानगी स्टेशन आणि कंट्रोलकडून यावी लागते. मी किंवा ड्रायव्हर ते मनाने करू शकत नाही. म्हणून विचारायचं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत विचारा, तिसाव्या मिनिटाला नव्हे.

रुग्ण असेल तर माझा सल्ला असा, की गाडी निघायच्या भरवशावर राहू नका. दुसरी रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूने मागवा, आणि पुलाच्या किंवा भुयारी रस्त्याच्या तोंडाशी दोघींची गाठ घाला. स्ट्रेचर डब्यांखालून सरकवायची कल्पना कुणीतरी काढतोच, त्याला आवरा. पहिला फोन करतानाच 'मधे फाटक बंद आहे' हे सांगितलंत तर पाठवणारा पलीकडची रुग्णवाहिका पाठवतो. आगीच्या वेळीही हेच, आणि पाण्याचे पाइप रुळावरून टाकायचे झाले तर आधी रेल्वेकडून गाड्या थांबवल्याची खात्री हवी. चाकाने पाइप कापला की पाणी बंद.

हृदय बंद पडलेल्या माणसाला मात्र वेळ नसतो. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. श्वास नसेल तर तिथेच, रस्त्यावर, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर खोल. दमलात की दुसऱ्याला बसवा. फाटकावर माणसांची कमतरता नसते.

आणि तुमचंच वाहन रुळावर बंद पडलं तर? सगळ्यांना उतरवा, सामान सोडा, मग फोन. गाडी येताना दिसत असेल तर तिच्या पुढे-पुढे पळू नका. रुळापासून दूर, पण गाडी ज्या दिशेने येतेय त्या दिशेलाच तिरकं पळा. वाहनाला धडक बसली की त्याचे तुकडे गाडीच्या पुढे उडतात, मागे नव्हे.

घरी बसून करायचं काम

रुळाच्या पलीकडे दवाखाना आणि अलीकडे घर असेल तर एका निवांत दिवशी दुसरा रस्ता स्वतः जाऊन बघा. पुलावरून किती मिनिटं लागतात, भुयारी रस्त्यातून रुग्णवाहिका उंचीला बसते का, पावसात तिथे पाणी साचतं का. फाटकाचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. घरात दिवस भरलेली बाई किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर आपल्याच बाजूचा एखादा दवाखाना आधी ठरवून ठेवलेला बरा.

तक्रारीचंही थोडं सांगतो. एका फाटकाबद्दल मी स्वतः एका कार्यालयाला तीनदा लिहून दिलं होतं, की लांब रेक मागच्या सिग्नललाच थोपवला तर फाटक मोकळं राहतं. उत्तर आलं नाही. पुढे एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन महिने वही ठेवली: तारीख, गाडी केव्हा उभी राहिली, केव्हा निघाली, कुठल्या दिशेची, किती मुलं उशिरा आली. ती वही गेल्यावर मात्र रेक मागे थांबायला लागले. 'रोज तासन्‌तास फाटक बंद' असं लिहिलं तर तो त्रागा ठरतो. 'अमुक तारखेला ८.४० ते ९.२५' याचं उत्तर द्यावं लागतं.

कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेत ओहायो राज्याने पाच मिनिटांपेक्षा जास्त फाटक अडवलं तर दंडाचा कायदा केला होता. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय. २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल तपासायला नकार दिला. आणि केंद्राचा तसा कायदा नाही. तिथे डिसेंबर २०१९ पासून अडलेल्या फाटकांच्या तक्रारी सरकारी संकेतस्थळावर नोंदवता येतात, आणि २०२१ च्या कायद्याने फाटकं काढून पूल बांधायला पाच वर्षांसाठी ३ अब्ज डॉलर ठेवले. आपल्याकडे पुलाचा जुना निकष म्हणजे टीव्हीयू: दिवसातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. आकडा लाखावर गेला की पूल मागायला आधार मिळतो. त्यात गाडी किती वेळ उभी राहते हे कुठेच मोजलेलं नसतं, म्हणून ती वही.

शेवटी फाटक उघडतं तेव्हाची गोष्ट. पहिला नंबर लावायची घाई नको. पलीकडे आपल्या वाहनापुरती जागा दिसल्याशिवाय रुळावर चढू नका, आणि रुळावर गिअर बदलू नका. त्याआधी गाडी जात असताना एकदा तिच्या शेपटीकडे बघा. शेवटच्या डब्यावर दिवसा 'एलव्ही' (लास्ट व्हेईकल, शेवटचा डबा) लिहिलेली पाटी असते, रात्री लाल दिवा. ती खूण दिसली नाही तर गाडी मधेच तुटून काही डबे मागे राहिलेले असू शकतात. गेटमनचं ते कामच आहे, पण त्याचं लक्ष त्या क्षणी तुमच्या हॉर्नकडे असतं. पाटी नव्हती, एवढं त्याला जाऊन सांगा.